खाचेपासून तुटीपर्यंत: धातूच्या दांड्याला तडा कसा जातो, कसा वाढतो

धातूच्या दांड्याचा आकार जिथे अचानक बदलतो ती प्रत्येक जागा खाच असते. करवतीचा काप, आट्यांचा तळ, चावीसाठी कोरलेला गाळा, बेअरिंग टेकवण्यासाठी काढलेला खांदा, बोल्टचे भोक, वेल्डच्या कडेला पडलेली बारीक चर, पंचाने ठोकलेला नंबर ही सगळी खाचेचीच रूपे आहेत. भिलाईच्या कुरुद-कोहका-जामुल भागात आणि हथखोजच्या औद्योगिक पट्ट्यात लेथवर उतरणाऱ्या शाफ्टांमध्ये बिनखाचेचा शाफ्ट सहसा सापडत नाही. धानाच्या गिरणीचा शाफ्ट असो, कन्व्हेयरचा रोलर असो की ट्रॅक्टर-ट्रॉलीचा अॅक्सल, त्याला कुठेतरी खांदा, गाळा किंवा आटे असतातच. दांडा तुटतो तेव्हा तो मधल्या गुळगुळीत भागात क्वचित तुटतो. तो यांपैकीच एखाद्या जागी तुटतो, आणि पुष्कळदा त्यानंतर दोष मालाला दिला जातो.

दांड्यातून जाणारा भार खाचेपाशी वळसा घेतो आणि वळताना तळाशी दाटतो. ही दाटी किती, याचे गणित केंब्रिजचे अभियंते चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ मध्ये मांडले. ते हिशेबाला सोपे आहे. खाचेच्या खोलीला तळाच्या त्रिज्येने भागावे, भागाकाराचे वर्गमूळ काढावे, ते दुप्पट करून त्यात एक मिळवावा. खाच २ मिमी खोल आणि तळाची त्रिज्याही २ मिमी असेल, तर तळाशी ताण सरासरीच्या तिप्पट होतो. त्रिज्या ०.५ मिमी केली तर पाचपट आणि ०.१ मिमी केली तर जवळजवळ दहापट. खोली तीच, माल तोच, कापलेला धातूही जवळपास तेवढाच. फरक फक्त टूलच्या टोकाचा. हे आकडे रुंद पट्टीच्या काठावरील खाचेचे आहेत. गोल शाफ्टच्या खांद्यासाठी अभियांत्रिकीच्या हस्तपुस्तकांत वेगळे आकडे मिळतात, पण कल तोच दिसतो. वाकवणारा भार सोसणाऱ्या ५० मिमी शाफ्टच्या खांद्याला १ मिमीचे फिलेट (कोपऱ्याची गोलाई) असेल तर ताण सुमारे २.७ पट होतो आणि ५ मिमीचे असेल तर सुमारे १.७ पट.

ताण पाचपट झाला म्हणून दांडा पाचपट लवकर तुटतो, असे मात्र नाही. माइल्ड स्टीलचा खाच असलेला दांडा एकदाच आणि सावकाश ओढला, तर खाचेच्या तळाशी पोलाद थोडेसे सरकते, तळ बोथट होतो आणि जादा ताण शेजारच्या धातूवर वाटला जातो. भोवतालचा जाड भाग खाचेपाशी दांड्याला बारीक होऊ देत नाही. त्यामुळे उरलेल्या छेदाच्या हिशेबाने हा दांडा साध्या दांड्यापेक्षा जास्त ताणावर तुटतो. खाचेने दांडा बळकट झाला असा चुकीचा निष्कर्ष यातून निघू शकतो. खरे तर त्याची लांबण्याची क्षमता संपलेली असते. अशा तुटीत तडा खाचेच्या थोडा पुढे, आतल्या बाजूला सुरू होतो. पोलादातल्या मँगनीज सल्फाइडसारख्या बारीक अशुद्ध कणांभोवती पोकळ्या उघडतात, वाढतात, एकमेकींना मिळतात, आणि तुटीचा पृष्ठभाग मळकट करडा, तंतुमय दिसतो.

धातूचा तुकडा जाड, हवा थंड आणि भार झटक्याचा असेल, तर पोलादाला सरकायला सवड मिळत नाही. खाचेच्या तळाशी ताण तिन्ही दिशांनी ओढू लागतो आणि स्फटिकच सपाट पातळीवर दुभंगतात. तूट चमकदार, कणीदार दिसते आणि तुटण्याआधी वाकण्याचे चिन्हही राहत नाही. पोलादाचा हा स्वभाव तपासण्यासाठी फ्रान्सचे जॉर्ज शार्पी यांच्या नावाने ओळखली जाणारी लंबकाची चाचणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे. तिचा नमुना म्हणजे मुद्दाम खाच पाडलेला दांडाच असतो: १० मिमी चौरस छेद, ५५ मिमी लांबी, मधोमध २ मिमी खोल आणि ४५ अंशांची खाच, तळाची त्रिज्या ०.२५ मिमी. लंबक खाचेच्या मागच्या बाजूने नमुन्यावर आदळतो आणि तो तोडायला किती ज्यूल ऊर्जा लागली ते मोजले जाते.

या चाचणीचे महत्त्व जगाला महागात कळले. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभे असलेले ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज अचानक मोठा आवाज होऊन दुभंगले. त्या काळात वेल्डिंगने बांधलेल्या अनेक जहाजांना असेच तडे गेले. अशा जहाजांत तडे बहुधा वेल्डमधील दोषांपासून किंवा डेकवरच्या चौकोनी कोपऱ्यांपासून निघाले होते, आणि थंडीत ते पोलाद खाच सोसू शकत नव्हते. आज भारतात आयएस २०६२ या मानकानुसार मिळणाऱ्या बांधकामी पोलादात हाच धडा दर्जाच्या अक्षरांत उतरलेला दिसतो. ई२५० पोलादाच्या ‘ए’ दर्जाला आघात चाचणीचे बंधन नाही. ‘बीआर’ दर्जाची चाचणी ग्राहकाने मागितल्यास नेहमीच्या तापमानाला होते, ‘बी०’ची शून्य अंशाला आणि ‘सी’ची उणे २० अंशांना होते, आणि किमान २७ ज्यूल ऊर्जेची अट असते. शेडच्या साध्या पर्लिनसाठी ‘ए’ चालतो. क्रेनची गर्डर, जाड पाया-प्लेट किंवा झटके सोसणारी फ्रेम करायची असेल, तर माल घेताना हे अक्षर पाहावे आणि टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्यावे. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेसाठी ‘सेल’च्या ज्या कारखान्यांनी खास पोलाद पुरवले त्यांत भिलाईही होता. तशा पोलादात ताकदीइतकाच थंडीतला चिवटपणा मोजला जातो.

एका फटक्यात तुटणे मात्र कारखान्यात तुलनेने कमी घडते. बहुतेक दांडे पुनःपुन्हा येणाऱ्या, एकेकट्याने निरुपद्रवी वाटणाऱ्या भाराने तुटतात. कामगार ज्याला ‘फटीग’ म्हणतात तो हा धातूचा शिणवटा. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा अॅक्सल तुटून मोठा अपघात झाला. दुसऱ्याच वर्षी स्कॉटिश अभियंते रँकिन यांनी तुटलेले रेल्वे अॅक्सल तपासून दाखवले की, तडा खांद्याच्या टोकदार कोपऱ्यात सुरू होऊन हळूहळू आत गेलेला असतो, आणि कोपरा गोल करावा असे सुचवले. जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी पुढे कित्येक वर्षे अॅक्सल फिरवून भार आणि फेरे यांचा संबंध मोजला. फिरत्या शाफ्टवर भार स्थिर असला तरी शाफ्टचा प्रत्येक बिंदू एकदा वर, एकदा खाली येतो, म्हणून प्रत्येक फेऱ्यात तो एकदा ओढला जातो आणि एकदा दाबला जातो. मिनिटाला ३०० फेरे घेणारा शाफ्ट आठ तासांच्या एका पाळीत १ लाख ४४ हजार वेळा असा ओढला-दाबला जातो.

तड्याचा जन्म डोळ्यांना दिसत नाही. १९०३ मध्ये यूइंग आणि हम्फ्री यांनी लोखंडाचा चकचकीत केलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा काही स्फटिकांवर बारीक रेघा उमटलेल्या दिसल्या. फेरे वाढत गेले तशा त्या रेघा जाड होत गेल्या आणि त्यांच्यातूनच तडे निघाले. स्फटिकाचे थर एकमेकांवर मागेपुढे घसरतात, पण पूर्ण जागेवर परतत नाहीत. पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे आणि घळी तयार होतात, आणि सर्वांत खोल घळ तड्याचे तोंड बनते. हे घसरणे ताण सर्वांत जास्त असतो तिथे, म्हणजे खाचेच्या तळाशीच, आधी सुरू होते. तळाला टूलचा ओरखडा, गंजाचा खड्डा किंवा पृष्ठभागाला लागून अशुद्ध कण असेल, तर पोलादाला घळ तयार करण्याचे श्रमही पडत नाहीत. सुरुवातीला तडा खेचेच्या दिशेशी साधारण ४५ अंशांत जातो. एखाद-दोन स्फटिक ओलांडल्यावर तो वळतो आणि खेचेला काटकोनात सरळ पुढे निघतो.

इथे मालाच्या निवडीचा प्रश्न येतो. शाफ्ट तुटला की माइल्ड स्टील किंवा ईएन-८ सोडून अधिक बळकट ईएन-२४ घालण्याकडे कल असतो. पण पोलाद जितके बळकट आणि कठीण, तितके ते खाचेला जास्त संवेदनशील असते. समजा, खाचेच्या तळाची त्रिज्या ०.२५ मिमी आहे आणि आकाराने ताण तिप्पट होतो. सुमारे ६०० मेगापास्कल ताकदीच्या पोलादात शिणवट्यापुरता त्याचा परिणाम साधारण दुप्पट एवढाच जाणवतो. १२०० मेगापास्कल ताकदीच्या पोलादात तो अडीचपटीच्या पुढे जातो. ताकद दुप्पट झाली तरी खाच असलेल्या दांड्याची शिणवटा सोसण्याची क्षमता साधारण दीडपटीच्या थोडी पुढे जाते, आणि पृष्ठभाग खडबडीत असेल तर तेवढीही वाढत नाही. तडा एकदा वाढू लागला की निरनिराळ्या पोलादांत त्याच्या वाढीचा वेग फारसा वेगळा नसतो. म्हणून महागडा माल आणण्याआधी कोपऱ्याची त्रिज्या वाढवून पाहावी. तिचा खर्च एक टूल घासून घेण्याइतकाच येतो.

तडा सुरू झाला म्हणजे तो वाढणारच, असेही नाही. ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकात फ्रॉस्ट यांनी खाच असलेले दांडे फिरवून तपासले तेव्हा अतिशय टोकदार खाचांच्या तळाशी असे तडे सापडले की, जे थोडे वाढून थांबलेले होते. खाचेच्या तळाशी ताण फार असतो, पण तो आत जाताना झपाट्याने उतरतो. तडा त्या पट्ट्याबाहेर आला की त्याला पुढे ढकलण्याइतका ताण उरलेला नसतो. असे थांबलेले तडे भार थोडा वाढताच पुन्हा चालू लागतात, म्हणून त्यांच्यावर विसंबता येत नाही.

वाढ चालू राहिली तर ती प्रत्येक फेऱ्याला अगदी थोडी असते. तड्याच्या टोकाशी असलेला जोर ताणावर आणि तड्याच्या लांबीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. अमेरिकेतील पॉल पॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले की, वाढीचा वेग या जोराच्या घातावर अवलंबून असतो, आणि साध्या पोलादांत हा घात तीनच्या आसपास येतो. कापड दुकानदार काठाला कात्रीने छोटा छेद देतो आणि मग थान हाताने सरसर फाडतो, तसे इथे घडते: छेद जितका लांब, तितके पुढचे फाडणे हलके. काठापासून निघालेला १ मिमीचा तडा आणि प्रत्येक फेऱ्याला १५० मेगापास्कलची खेच धरून अंदाजी हिशेब केला, तर तडा १ चे २ मिमी व्हायला सुमारे १ लाख फेरे लागतात, २ चे ४ व्हायला ७२ हजार आणि ४ चे ८ व्हायला ५१ हजार. म्हणजे पहिला १ मिमी वाढायला जितके फेरे लागतात त्याच्या निम्म्यात शेवटचे ४ मिमी वाढतात.

हे सव्वादोन लाख फेरे म्हणजे मिनिटाला ३०० फेरे घेणाऱ्या शाफ्टचे अवघे साडेबारा तास. वेगाने फिरणाऱ्या शाफ्टचा तडा तपासणीत पकडू असे म्हणणे म्हणूनच फसवे आहे. सकाळी स्वच्छ दिसलेला शाफ्ट रात्रपाळीत तुटू शकतो. अशा भागांत ताण इतका खाली ठेवावा लागतो की तडा वाढूच नये. वरच्याच उदाहरणात ताण १०० मेगापास्कलवर आणला तर साडेबारा तासांचे सुमारे ४२ तास होतात. ७५ वर आणला तर १ मिमीचा तडा वाढ थांबण्याच्या उंबरठ्याजवळ येतो. ताण निम्मा करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग पुन्हा खाचेच्या तळाकडेच जातो. याउलट दिवसाला दोनशे वेळा उचलणाऱ्या क्रेनच्या हुकाला तेवढेच फेरे पुरे करायला तीन वर्षे लागतील. तिथे ठरावीक मुदतीची तपासणी खरोखर जीव वाचवते. तपासणीची मुदत ठरवताना तडा दिसण्याजोगा झाल्यापासून धोक्याच्या लांबीपर्यंत पोहोचायच्या आत तो किमान दोनदा तपासणीत यावा, असा हिशेब ठेवतात.

धोक्याची लांबी म्हणजे जिथून पुढे तडा फेऱ्यांची वाट न पाहता एकदम आरपार जातो ती. ती पोलादाच्या चिवटपणावर ठरते आणि रुळांच्या बाबतीत ती फार लहान असते. याचा भिलाईशी थेट संबंध आहे. इथली पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी रूळ व स्ट्रक्चरल मिल चालू झाली. आज इथे १३० मीटर लांबीचे रूळ लाटून, ते जोडून २६० मीटरचे पॅनेल रेल्वेला दिले जातात. चाकाखाली झिजू नये म्हणून रुळाचे पोलाद कठीण असावे लागते, आणि कठीणपणाची किंमत चिवटपणात मोजावी लागते. रुळाच्या पायथ्याशी सगळे मिळून २०० मेगापास्कलची खेच असेल, तर काठावरचा सुमारे ८ मिमीचा तडा रूळ तोडायला पुरतो. माइल्ड स्टीलच्या प्लेटमध्ये त्याच ताणाला याच्या कितीतरी पट लांब तडा लागतो.

रुळाची खेच थंडीत वाढते. लांब वेल्ड केलेला रूळ आकसायला जागा नसते, म्हणून तापमान एका अंशाने उतरले की त्यात सुमारे २.४ मेगापास्कल खेच भरते. ताणरहित तापमान ४० अंशांच्या आसपास धरले आणि डिसेंबरच्या पहाटे रूळ १० अंशांवर आला, तर सत्तरहून अधिक मेगापास्कल खेच नुसत्या थंडीची असते. चाकांचा भार आणि लाटताना आत उरलेले ताण यांची भर वेगळीच. हिवाळ्यात रेल्वेमार्गावर पहाटेची खास गस्त घातली जाते ती यासाठी. २६ नोव्हेंबर १९९८ रोजी पंजाबात खन्ना येथे तुटलेल्या रुळामुळे एक गाडी घसरली, तिच्यावर दुसरी आदळली आणि दोनशेहून अधिक माणसे गेली.

रुळातल्या खाचा ठरलेल्या आहेत. फिशप्लेटच्या बोल्टच्या भोकांपासून तिरके, चांदणीच्या आकारात निघणारे तडे, थर्मिट वेल्डच्या कडा, पायथ्यावर गंजाने किंवा घणाच्या माराने पडलेले खड्डे. आणखी एक खाच बाहेरून दिसतच नाही. वितळलेल्या पोलादात राहिलेला हायड्रोजन रूळ थंड होताना आतल्या आत बारीक तडे पाडतो. म्हणून भारतीय रेल्वेच्या मानकात द्रव पोलादातील हायड्रोजनवर दहा लाख भागांत १.६ भागांची मर्यादा आहे आणि पोलाद निर्वातात वायुमुक्त करावे लागते. बोल्टचे भोक ड्रिलनेच पाडावे आणि त्याच्या दोन्ही कडा चॅम्फर कराव्यात, असा रेल्वेचा दंडक आहे. गॅसने भोक पाडायला मनाई आहे. गॅसने कापलेल्या कडेवर ओरखडे राहतात आणि भोवतालचे पोलाद तापून एकदम थंड झाल्याने कडक व ठिसूळ होते. क्रेनची गँट्री असो वा कारखान्याच्या आवारातला ट्रॉलीचा रूळ, हा नियम तिथेही तितकाच लागू आहे, आणि छोट्या कारखान्यांत तो सर्रास मोडला जातो.

लेथवर काम करताना खांद्याचा कोपरा टोकदार टूलने कधीही संपवू नये. ड्रॉइंगवर त्रिज्या दिलेली नसेल तर विचारून घ्यावी. जुना शाफ्ट पाहून नवा काढताना तुटलेल्या शाफ्टचा कोपरा जसाच्या तसा उतरवणे म्हणजे तीच तूट पुन्हा मागवणे. मोठ्या त्रिज्येला बेअरिंग आडवे येते, ही अडचण खरी आहे, कारण बेअरिंगच्या आतल्या कडेची त्रिज्या लहान असते. तिथे दोन उपाय चालतात. बेअरिंग आणि खांदा यांच्यामध्ये आतून चॅम्फर केलेली रिंग घालावी, किंवा फिलेट खांद्याच्या पोटात गोल कोरून घ्यावे. एका खोल खाचेच्या दोन्ही बाजूंना उथळ, गोल तळाच्या खाचा पाडल्या तर मधल्या खाचेवरचा ताण कमी होतो. धातू आणखी कापून दांडा वाचतो हे पटायला जड जाते, पण भार त्यामुळे हळूहळू वळतो.

चावीचा गाळा एंड-मिलने कोरला तर त्याचा शेवट उभा, टोकदार राहतो. चकतीच्या कटरने कोरलेला गाळा उताराने वर येतो आणि तिथे ताण कमी दाटतो. गाळ्याचे टोक खांद्याला भिडू देऊ नये, नाहीतर दोन खाचा एकाच जागी येतात. तळाचे कोपरे किंचित गोल ठेवावेत आणि चावीच्या कडा तेवढ्याच चॅम्फर कराव्यात. लेथच्या टूलच्या रेघा शाफ्टला आडव्या, म्हणजे वाकवणाऱ्या खेचेला काटकोनात पडतात, आणि त्यांतली प्रत्येक रेघ छोटी खाचच असते. म्हणून फिलेटवर शेवटचा एमरी कागद शाफ्टच्या लांबीच्या दिशेने फिरवावा. नंबर किंवा खूण ठोकायची तर शाफ्टच्या टोकाच्या सपाट तोंडावर ठोकावी.

बोल्ट आणि स्टड यांत नटमधला पहिला आटा एकूण भाराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका भार घेतो, म्हणून तूटही तिथेच येते. कापलेल्या आट्यांपेक्षा लाटून केलेले आटे शिणवट्याला कितीतरी चांगले टिकतात, कारण लाटताना तळाशी दाब भरून राहतो आणि तो दाब तड्याला उघडू देत नाही. बोल्ट नीट आवळलेला असेल तर बदलत्या भाराचा थोडाच भाग त्याच्यापर्यंत पोहोचतो. सैल बोल्ट सगळा बदल अंगावर घेतो. फिलेट रोलरने दाबणे किंवा त्यावर बारीक छर्ऱ्यांचा मारा करणे यांतही दाब भरण्याचेच तत्त्व आहे. इंडक्शनने कडक केलेल्या शाफ्टमध्ये कडक थर नेमका फिलेटपाशी संपणार नाही याकडे लक्ष द्यावे, कारण थराच्या शेवटी खेच भरलेली असते.

वेल्डिंग हा खाचांचा सर्वांत मोठा कारखाना आहे. वेल्डच्या कडेची चर ग्राइंडरने हलकेच घासून गोल करावी, आणि घासण्याच्या रेघा खेचेच्या दिशेने ठेवाव्यात. शाफ्टवर इलेक्ट्रोड टेकवून ठिणगी पाडू नये. त्या ठिपक्याखाली पोलाद क्षणात तापून गार होते आणि तिथे बारीक तडा तयार असतो. ईएन-८ मध्ये सुमारे ०.४ टक्के कार्बन असतो, म्हणून तो थंड स्थितीत वेल्ड करणे धोक्याचे आहे. आधी साधारण १५० ते २५० अंशांपर्यंत तापवावे, भट्टीत सुकवलेले कमी हायड्रोजनचे इलेक्ट्रोड वापरावेत आणि नंतर काम राखेत किंवा चुन्यात ठेवून सावकाश थंड होऊ द्यावे. तुटलेला फिरता शाफ्ट वेल्ड करून चालवणे हा फार तर नवा शाफ्ट येईपर्यंतचा उपाय समजावा, आणि त्या काळात आसपास माणूस उभा राहणार नाही अशी आडकाठी लावावी.

तडा शोधायला सर्वांत सोपे साधन लाल रंगाच्या भेदक द्रवाचे आहे. जागा ग्रीसमुक्त करून रंग लावावा, दहा ते वीस मिनिटे मुरू द्यावा, वरचा रंग फडक्याने पुसावा आणि पांढरा डेव्हलपर फवारावा. तडा लाल रेघ होऊन उमटतो. आधी वायरब्रश जोरात चालवला किंवा वाळूचा मारा केला तर तड्याचे तोंड बुजते आणि तपासणी खोटी ठरते. जुन्या रेल्वे वर्कशॉपांत हेच काम तेल आणि चुन्याने केले जाई. भाग रॉकेलमध्ये बुडवून, कोरडा पुसून चुना फासला की तड्यातून तेल झिरपून काळी रेघ दिसते. ही पद्धत आजही उपयोगी आहे, मात्र बारीक तडे तिला सापडत नाहीत. चुंबकीय पावडरची तपासणी पोलादासाठी अधिक तीक्ष्ण असते. तिच्यात चुंबकीय क्षेत्र तड्याला आडवे हवे, म्हणून दोन दिशांनी तपासावे. बेअरिंगच्या रिंगखाली किंवा हबच्या आत लपलेल्या तड्यासाठी शाफ्टच्या टोकाकडून अल्ट्रासोनिक लहरी पाठवाव्या लागतात. भेदक रंग तिथे पोहोचत नाही.

प्लेट, मशीनची फ्रेम किंवा पत्र्याचे आवरण यांत तडा सापडला तर त्याच्या टोकाला भोक पाडून तो काही काळ थोपवता येतो. खरे टोक डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे असते, म्हणून आधी रंगाने ते शोधावे आणि भोक टोकाला पूर्ण गिळेल असे घ्यावे. मग ते रीमरने गुळगुळीत करून कडा चॅम्फर कराव्यात. त्यात घट्ट बसणारा बोल्ट आवळला तर आणखी फायदा होतो. शाफ्ट, हुक, स्प्रिंग आणि आट्यांच्या दांड्यावर हा उपाय करू नये. ते भाग बदलावेत.

तुटलेला दांडा भंगारात टाकण्याआधी त्याचे तोंड वाचावे. शिणवट्याचा भाग गुळगुळीत असतो आणि त्यावर कमानीसारखे पट्टे दिसतात. पट्ट्यांचे केंद्र म्हणजे तड्याची सुरुवात. शेवटी एकदम तुटलेला भाग खडबडीत असतो. तो छेदाचा लहानसाच हिस्सा असेल तर भार कमी होता आणि खाचेने किंवा पृष्ठभागाने घात केला. तो निम्म्याहून मोठा असेल तर भारच जास्त होता. परिघाभोवती पायऱ्यांसारख्या अनेक बारीक रेघा असतील तर तडे एकाच वेळी अनेक जागी सुरू झाले, म्हणजे कोपरा फार टोकदार होता. खडबडीत भाग मधोमध आणि भोवती गुळगुळीत कडे असेल, तर फिरत्या शाफ्टच्या गोल खाचेत तडा चहूबाजूंनी आत आला. पीळ देणाऱ्या भाराने तुटलेल्या शाफ्टचा तडा अक्षाशी ४५ अंशांत, मळसूत्रासारखा वळतो.

तुटीची दोन तोंडे जुळवून पाहण्याचा मोह टाळावा, कारण घासल्याने नेमक्या त्याच खुणा पुसल्या जातात. वायरब्रश आणि आम्ल वापरू नये. तोंडांवर हलके तेल लावून, कोरड्या कागदात वेगवेगळी गुंडाळून, तारीख, यंत्र आणि शाफ्टची जागा लिहिलेल्या चिठ्ठीसह ठेवावीत. खाचेची त्रिज्या गेजने मोजून त्याच चिठ्ठीवर लिहावी. प्रयोगशाळेत नमुना द्यायची वेळ आली तर दोन्ही तुकडे द्यावेत आणि गॅसने कापायचेच असेल तर तुटीपासून बरेच लांब कापावे, म्हणजे उष्णता तोंडापर्यंत पोहोचत नाही.